लेकीचा वांटा

कायदेमंडळांत एखादा सभासद उभा राहून विधेयक मांडतो, त्यावर वर्षानुवर्षें वाद होतो, मतें पडतात आणि शेवटीं सरकारी छापखान्यांतून चार पानांचा एक कागद बाहेर पडतो. त्या चार पानांचा शेतकऱ्याच्या ओसरीशीं काय संबंध, असें पुष्कळांना वाटतें. तो संबंध किती जवळचा असूं शकतो हें पाहावयाचें असेल, तर हिंदु स्त्रीच्या वारसाहक्काच्या कायद्याकडे पाहावें. या कायद्याच्या घडणींत दोन मराठी सभासदांचा मोठा हात आहे. एक मुंबईचे शस्त्रवैद्य डॉ. गोपाळराव देशमुख, आणि दुसरे लोकसभेंत जळगांवचें प्रतिनिधित्व करणारे हरि विनायक पाटसकर. देशमुखांनीं अर्धा हक्क मिळवून दिला. पाटसकरांनीं चालविलेल्या कायद्यानें विधवेपुरता तो पुरा झाला. लेकीच्या वांट्याला मात्र त्यापुढेंहि पन्नास वर्षें थांबावें लागलें, आणि घराघरांतून अजूनहि त्याचा कांहीं भाग व्हावयाचा आहे.

प्रथम जुना कायदा काय होता तें पाहूं. त्याचा आधार मुख्यतः दोन ग्रंथांवर होता. एक, कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा ही टीका. दुसरा, सतराव्या शतकांत काशीस राहणाऱ्या नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख. महाराष्ट्रांत सामान्यतः मिताक्षरा श्रेष्ठ मानली जाई. पण पुणें, नगर आणि खानदेश या भागांत मयूखालाहि न्यायालयांनीं तिच्या बरोबरीचा मान दिला होता. मयूखाचें मन स्त्रियांच्या बाबतींत थोडें उदार. बहिणीलासुद्धां त्यानें वारसांच्या पंक्तींत जागा दिली. मुंबई इलाख्यांत बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीला मुलगा नसेल आणि विधवाहि नसेल, तर ती मुलीला मिळे व पूर्ण मालकीनें मिळे. इतर बहुतेक प्रांतांत मुलीला एवढेंहि मिळत नसे.

परंतु या उदारपणाची पाळी यावयाची ती पुत्र नसेल तेव्हां. पुत्र असला, आणि मिळकत वडिलोपार्जित असली, म्हणजे सारा हिशेब पुरुषांपुरता चाले. मुलगा जन्मतःच बापाच्या बरोबरीचा भागीदार होई. असे जे भागीदार त्यांना सहदायाद म्हणत. त्यांपैकीं एक मेला तर त्याचा भाग त्याच्या बायकोकडे किंवा मुलीकडे जात नसे. तो उरलेल्या पुरुषांत विरून जाई.

श्रोत्यांनीं येथें एक हिशेब मनाशीं धरून ठेवावा. समजा, तापीकांठीं रावेर-यावलकडे एक घर आहे. बाप, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी एवढीं माणसें, व वडिलोपार्जित जमीन चोवीस एकर. बाप जुन्या कायद्याच्या काळांत वारला तर काय होई? दोघां मुलांचे बारा-बारा एकर. आईला अन्नवस्त्र आणि राहावयास जागा. मुलांनीं होऊन वांटणी केलीच तर तिलाहि एक भाग मिळे. पण वांटणी मागण्याचा अधिकार तिला नव्हता. मुलीला लग्न होईपर्यंत पोषण आणि लग्नाचा खर्च. चोवीस एकरांपैकीं तिच्या नांवाचा एक गुंठाहि नाहीं.

ज्यांना मुलें लहान असतांनाच वैधव्य येई त्यांची स्थिति याहून बिकट. दीर आणि सासरा यांच्या मर्जीवर संसार. जळगांवच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांना ऐन तिशींत वैधव्य आलें. पदरीं दोन मुलगे आणि एक मुलगी होती. बहिणाबाई १९५१ सालीं निवर्तल्या. म्हणजे जिला आज सारा महाराष्ट्र मानतो, त्या बाईचें सारें आयुष्य पुढें आलेल्या पुऱ्या हक्काच्या अलीकडेच संपलें.

या स्थितींत पहिला फरक घडवून आणला तो डॉ. देशमुखांनीं. ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते; सरकारांत त्यांना कोणतेंहि पद नव्हतें. मंत्री नसलेला सभासद जें विधेयक मांडतो त्याला खाजगी विधेयक म्हणतात. अशा विधेयकाच्या मार्गांत अडचणी फार. सरकारी विधेयकाला सरकारचा वेळ, सरकारचे मसुदेकार आणि सरकारची मतें मिळतात; खाजगी सभासदाला आठवड्यांतील थोडा वेळ मिळतो आणि बाकी सारें स्वतःच्या चिकाटीवर. स्वतंत्र भारताच्या संसदेंत आजवर अवघीं चौदा खाजगी विधेयकें कायद्याच्या पदवीला पोंचलीं आहेत, आणि त्यांतलें शेवटचें १९७० सालचें. यावरून या वाटेची अवघडता ध्यानांत यावी. देशमुखांचें विधेयक मात्र १९३७ सालीं मंजूर झालें. ‘हिंदु स्त्रियांचा मालमत्तेवरील हक्क’ असें त्याचें नांव. लोक त्याला नुसता देशमुख कायदा म्हणत. त्या वर्षीं १४ एप्रिलला तो अंमलांत आला.

पण मंजूर झालें तें मांडलें होतें तेवढें नव्हतें. मूळ मसुद्यांत मुलीलाहि वांटा होता. निवडसमितीच्या छाननींत मुलगी गळली आणि विधवा तेवढी उरली. विधवेलाहि जें मिळालें तें अर्धें. नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतींत तिला मुलाइतका भाग मिळूं लागला. एकत्र कुटुंबांतील नवऱ्याचा जो हिस्सा असेल तोच तिच्याकडे येऊं लागला. आणि पुरुषाप्रमाणें वांटणी मागण्याचा अधिकारहि मिळाला. येथपर्यंत ठीक. पण ही मालकी हयातीपुरती. शेताचें पीक तिनें खावें. शेत मात्र विकावयाचें तर कायद्याला मान्य होणारी निकड दाखवावी लागे. तिनें मृत्युपत्रानें तें कोणास देतां येत नसे. आणि तिच्या मागें तें नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई.

आपल्या चोवीस एकरांचा हिशेब या कायद्यानें असा झाला. बापाचा तिसरा हिस्सा, म्हणजे आठ एकर, आईकडे हयातीपुरते; मुलांचे आठ-आठ; मुलीचें पूर्वींप्रमाणें शून्य.

हा हिशेबहि लगोलग लागूं झाला नाहीं. कायद्यापूर्वींच ज्यांचे नवरे वारले होते त्या विधवांना त्याचा उपयोग नव्हता. शिवाय १९३५ च्या घटनेप्रमाणें शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांच्या अखत्यारींतला विषय होता. म्हणून १९४१ सालीं फेडरल कोर्टानें असा निर्णय दिला कीं, गव्हर्नरांच्या प्रांतांतील शेतजमिनीला देशमुख कायदा लागूं नाहीं. खानदेशासारख्या कापूस, भुईमूग आणि केळी यांच्या मुलुखांत शेत वगळल्यावर बाकी काय राहतें? घर, भांडींकुंडीं, थोडें सोनें. पुढें मुंबईसह निरनिराळ्या प्रांतांनीं आपापले कायदे करून शेतजमीन त्यांत घेतली, तेव्हां ही उणीव भरून निघाली.

अर्ध्या कायद्याचे दोष दिसूं लागल्यावर सबंध हिंदु कायदाच एकदां नीट लिहून काढावा असा विचार बळावला. १९४१ सालीं बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. तींत पुण्याचे कायदेपंडित जे. आर. घारपुरे हेहि होते. या समितीच्या मसुद्यांत मुलीला मुलाच्या निम्मा वांटा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदेमंत्री असतांना तो मसुदा निवडसमितीकडे गेला, आणि मुलीचा वांटा मुलाच्या बरोबरीचा झाला. पुढें सभागृहांत आणि बाहेर जो विरोध झाला तो सर्वश्रुत आहे. विधेयक तडीस जात नाहीं असें पाहून १९५१ सालीं आंबेडकरांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या कारणांत हें एक प्रमुख होतें.

१९५२ च्या निवडणुकीनंतर सरकारनें युक्ति बदलली. एका मोठ्या संहितेऐवजीं विवाह, वारसा, पालकत्व आणि दत्तक व पोटगी असे चार स्वतंत्र कायदे करावयाचे ठरलें. लोकसभेंत ही विधेयकें चालविण्याचें काम ज्यांच्याकडे आलें ते हरि विनायक पाटसकर. पेशानें वकील, संविधान सभेचे सभासद, १९५२ सालीं जळगांवांतून लोकसभेवर गेलेले, आणि या वेळीं कायदा खात्यांत मंत्री. हीं विधेयकें सरकारी होतीं हें खरें. पण सरकारी विधेयक म्हणजे आपोआप मंजूर होणारें विधेयक नव्हे. एकेका कलमावर उपसूचना येतात, स्वपक्षाचेच सभासद आडवे येतात, आणि विधेयक चालविणाऱ्याला प्रत्येकाचें समाधान करावें लागतें. १९५५ सालीं हिंदु विवाह कायदा झाला. आणि १७ जून १९५६ रोजीं हिंदु वारसा कायद्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली.

या कायद्यावर तेव्हां जे आक्षेप घेतले गेले ते आजहि कानांवर येतात. मुलीला वांटा दिला तर जमिनीचे तुकडे होतील. जांवई घरांत शिरेल. भाऊबहिणीची माया तुटेल. यांतील पहिला आक्षेप वरवर शास्त्रीय दिसतो. पण चार मुलगे असलेल्या घरीं जमिनीचे चार तुकडे होतात तेव्हां तो कोणी घेत नाहीं. तीन मुलगे आणि एक मुलगी असली कीं मगच तुकड्यांची आठवण होते. मायेबद्दल म्हणावयाचें तर, भाऊबीजेच्या ओवाळणीनें फिटते ती माया आणि सातबाऱ्यावरील नांवानें तुटते तीहि मायाच असेल, तर तिची परीक्षा एकदां झालेली बरी.

आतां या कायद्यानें केलें काय? सर्वांत मोठें काम त्याच्या चवदाव्या कलमानें केलें. हिंदु स्त्रीच्या ताब्यांत जी मिळकत असेल, ती कायद्यापूर्वीं मिळालेली असो वा नंतर, तिची ती पूर्ण मालकीण समजावी, असें तें कलम सांगतें. मृत्युपत्रानें किंवा दानपत्रानें मर्यादा घालूनच मिळकत दिली असेल, तर तेवढा अपवाद. या एका कलमानें देशमुख कायद्यांतील उरलेला अर्धा भाग भरून काढला. आठ एकर हयातीपुरते सांभाळणारी बाई त्या दिवसापासून त्या आठ एकरांची धनीण झाली. विकावें, गहाण ठेवावें, लेकीला द्यावें, तिची इच्छा. पुढें १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असेंहि ठरविलें कीं, पोटगीच्या हक्कापोटीं विधवेला तोडून दिलेली जमीनसुद्धां, दस्तऐवजांत हयातीपुरती म्हटली असली तरी, तिच्या पूर्ण मालकीची होते. १९३७ सालीं अर्धें कां होईना जें मिळालें होतें, तेंच १९५६ सालीं पुरें होऊं शकलें. ज्या बाईच्या ताब्यांत कांहींच नव्हतें तिला चवदावें कलम काय देणार? अर्धा कायदा निरुपयोगी असें म्हणणाऱ्यांना हें उत्तर आहे.

मुलीच्या बाबतींत मात्र १९५६ चा कायदा कचरला. बापाच्या स्वतंत्र मिळकतींत मुलगी, मुलगा, विधवा आणि बापाची आई हीं सर्व सारख्या वांट्यानें वारस झालीं. हा भाग निर्विवाद मोठा. परंतु वडिलोपार्जित मिळकतींतील पुरुषांची सहदायादी तशीच ठेवण्यांत आली. फक्त इतकेंच केलें कीं, बापाच्या मृत्यूच्या आदल्या क्षणीं वांटणी झाली असें कल्पावें, आणि त्या कल्पित वांटणींत बापाला जो भाग आला असता त्यांत मुलीला वांटा द्यावा. आमच्या घरीं तो असा निघतो. वांटणींत बाप, आई आणि दोन मुलगे यांना सहा-सहा एकर. मग बापाचे सहा एकर आई, दोन मुलगे व मुलगी या चौघांत, प्रत्येकीं दीड. मुलग्यांचे साडेसात-साडेसात, आईचे साडेसात, आणि मुलीचा दीड एकर. शून्यापासून दीडापर्यंत मजल गेली. पण भाऊ साडेसातांवर आणि बहीण दीडावर, याला बरोबरी म्हणतां येत नाहीं. राहत्या घराचेंहि तसेंच. त्यांत मुलीचा वांटा असे, पण भाऊ वांटणी करीपर्यंत तिला ती मागतां येत नसे.

ही उणीव दूर होण्यास आणखी जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आपल्यापुरती दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद केलें. पण २२ जून १९९४ पूर्वीं जिचें लग्न झालें होतें तिला त्यांतून वगळलें. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलांत आलेल्या केंद्रीय दुरुस्तीनें ती अटहि गेली. मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलाप्रमाणेंच जन्मतः भागीदार झाली, आणि राहत्या घराबद्दलचें बंधनहि उठलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या मात्र कायम ठेवल्या. ९ सप्टेंबर २००५ रोजीं बाप हयात असलाच पाहिजे काय, या प्रश्नावर न्यायालयांत मतभेद होते. ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तशी गरज नाहीं असा निर्णय दिला. आतां आपला हिशेब शेवटचा एकदां करूं. बाप, आई, दोन मुलगे आणि मुलगी असे पांच भाग, प्रत्येकीं चार एकर बत्तीस गुंठे. बापाचा भाग उरलेल्या चौघांत वांटला म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला आणखी एक एकर आठ गुंठे. बेरीज सहा एकर. आईचे सहा, मुलग्यांचे सहा-सहा, मुलीचे सहा.

कायद्याच्या कक्षेबद्दल दोन गोष्टी सांगावयास हव्यात. हा कायदा हिंदूंप्रमाणेंच बौद्ध, जैन आणि शीख यांनाहि लागूं आहे. अनुसूचित जमातींना मात्र, केंद्र सरकारनें वेगळी घोषणा केल्याशिवाय, तो लागूं होत नाहीं. धुळें जिल्ह्यांत शिरपूर आणि साक्रीकडे, तसेंच १९९८ सालीं त्यांतून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, भिल्ल, पावरा, कोकणा अशी मोठी वस्ती आहे. तेथील लेकीचा वांटा त्या त्या जमातीच्या रूढीवर राहतो. पाटसकरांनीं ज्या खानदेशांतून दिल्लीस प्रस्थान ठेवलें त्याच खानदेशाच्या डोंगरपट्ट्यांत त्यांचा कायदा पोंचत नाहीं, हें विसरून चालावयाचें नाहीं. दुसरी गोष्ट मृत्युपत्राची. बाप आपला स्वतःचा भाग मृत्युपत्रानें कोणालाहि देऊं शकतो. त्यामुळें मुलीचा जन्मसिद्ध भाग जरी अबाधित राहिला, तरी बापाच्या भागांतला वांटा हुकूं शकतो.

याहून मोठी गळती कायद्यांत नाहीं, व्यवहारांत आहे. बापाचे दिवस झाले कीं तलाठ्याकडे वारसांची नोंद करावयाची असते. कोठें त्या यादींतून मुलीचें नांवच वगळलें जातें. कोठें तें घातलें जातें, पण लगेच तिला तालुक्याच्या गांवीं नेऊन नोंदणी कचेरींत हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहीण सही करते. कधीं प्रेमानें, कधीं माहेर तुटेल या भीतीनें, आणि पुष्कळदां कागद न वाचतां. आपला हक्क भावाला देऊन टाकणें हाहि तिचा हक्कच आहे. तो कोणी हिरावूं नये. पण दान करावयाचें तर आपल्यापाशीं काय आहे हें आधीं ठाऊक पाहिजे. सहा एकर सोडतों कीं दीड एकर, हें न सांगतां घेतलेली सही ही भेट नव्हे.

पाटसकर पुढें १९५७ पासून १९६५ पर्यंत मध्यप्रदेशचे राज्यपाल होते; १९६३ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेच्या तंट्यांत त्यांच्या सूत्रावर तडजोड झाली, म्हणून राजकारणाच्या इतिहासांत त्यांचें नांव त्या संबंधानें अधिक येतें. डॉ. देशमुखांचें नांव मुंबईंत पेडर रोडला दिलेलें आहे, आणि तरीहि लोक त्याला पेडर रोडच म्हणतात. नांवें राहोत वा न राहोत; दोघांनीं केलेलें काम सातबाऱ्याच्या उताऱ्यावर वाचतां येतें. ज्या घरीं वारसांची नोंद व्हावयाची असेल त्यांनीं यादींत मुलींचीं नांवें स्वतः होऊन घालावींत, एकूण क्षेत्र किती आणि प्रत्येकाचा वांटा किती हें सर्वांसमक्ष लिहून काढावें, आणि बहिणीला तो कागद घरीं नेऊन वाचावयास द्यावा. तिनें काय करावें हें मग तिचें तीच ठरवील.